मंगल कार्यालयातलं कुंग फू

आधीच सांगून टाकते, नंतर कोणी बोट दाखवायला नको. या वर्गातल्या 11 जणांचे पायजमे मी शिवले आहेत आणि त्याची शिलाई रोख घेतली आहे. तरी पाचपैकी चारच गुण देते. एक का कापला तेही खाली येईल.

परतवाड्यापासून 9 किलोमीटरवर आमचं गाव. शिवणाचं दुकान घरातच, ओसरीत. मुलगी नववीत. तिला मोबाईलवर पाहून पाहून कुंग फूचं वेड लागलं, म्हणून आधी एका दुसऱ्याच क्लासला घातलं होतं. त्याचं नाव घेत नाही. पाटी कुंग फूची, कपडे कराटेचे. प्रवेश 1500, किट 1800 आणि दर तीन महिन्यांनी पट्ट्याची परीक्षा, तिचे 700. किट हातात घेतलं तेव्हाच माझं डोकं फिरलं. घाम न शोषणारं कापड, आणि पायजम्याचं आसन इतकं आखूड की पोरगी जरा खाली बसली की टर्र. नऊ महिन्यांत तीन रंगांचे पट्टे घरी आले. ते आता कपाटाच्या दाराला बांधायच्या कामी येतात.

मग या वर्गाचं कळलं. बस स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर एक मंगल कार्यालय आहे, तिथे पहाटे साडेपाच ते सात. फी महिना 400, दुसऱ्या भावंडाला निम्मी. प्रवेश फी नाही, किटची सक्ती नाही, पट्टे नाहीत. एवढं स्वस्त म्हटल्यावर मला आधी संशयच आला.

पहिल्या दिवशी सरांनी पोरीला एकच सांगितलं, "मूठ दाखव." तिनं दाखवली. अंगठा चार बोटांच्या आत. सर माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताई, इनं अशीनं कोणाले मारलं तर पहिले इचाच अंगठा मोडन." नऊ महिने, तीन पट्टे आणि मूठ कशी वळायची ते कोणी पाहिलंच नव्हतं! अंगठा बाहेर, पहिल्या दोन बोटांवर आडवा, मनगट सरळ. त्या दिवशी एवढाच धडा.

पट्ट्यांचं विचारलं तर सर हसले. रंगीत पट्ट्यांची चाल जपानच्या जुडोतून आली, तिथून कराटेत गेली. कराटे ओकिनावा-जपानचं, तायक्वांदो कोरियाचं, कुंग फू चीनचं. चीनच्या जुन्या परंपरेत असे पट्टे नव्हतेच. तिकडेही अलीकडे नऊ पायऱ्यांची पद्धत सुरू झाली आहे, पण जुन्या घराण्यांत माणूस कोणाकडे शिकला हे विचारतात. म्हणून नवीन माणसानं पैसे भरण्याआधी सरळ विचारावं, तुमचे गुरू कोण, तुम्ही नेमकं काय शिकवता. आमच्या सरांनी दोन्ही सांगितलं: नागपूरला शिकलो, चीनला कधी गेलो नाही, उत्तरेकडच्या शाओलिन पद्धतीचा पाया आणि यांग घराण्याची तायची, म्हणजे सावकाश हालचालींची विद्या, एवढंच येते. एका पोरानं ब्रूस लीवालं विंग चुन मागितलं. इप मान नावाचे गुरू हाँगकाँगमध्ये ते शिकवायचे, ब्रूस ली त्यांचाच शिष्य. सर म्हणाले, "ते मले येत नाही, बाप्पा." अर्धा गुण मी तिथेच दिला.

कुंग फू या शब्दाचा अर्थ मारामारी नाही, हे मला इथे कळलं. मेहनत करून, वेळ घालवून हातात आलेलं कसब म्हणजे कुंग फू. स्वयंपाक्याच्या हाताला, सुताराच्या हाताला तोच शब्द लागतो. लढाईच्या विद्येला वूशू म्हणतात. मला हे फार पटलं. मी अचलपूरला एका बाईंकडे शिवण शिकले तेव्हा पहिलं वर्षभर फक्त काज, बटण आणि तुरपाई. कातरीला हात लावला की हातावर फूटपट्टी बसायची.

इथली तुरपाई म्हणजे नुसतं उभं राहणं. त्याला माबू म्हणतात, घोड्यावर बसल्यासारखं. पाय खांद्यांपेक्षा बरेच रुंद, पावलं समोर, कंबर खाली, पाठ ताठ, गुडघा पावलाच्या दिशेलाच, आत पडू द्यायचा नाही. सांगायला चार ओळी. पहिल्या आठवड्यात पोरगी 20 सेकंदांत थरथरायला लागली, मांड्या अशा की जिना चढवेना. तिसऱ्या महिन्यात दोन मिनिटं. त्यानंतर गोंगबू, म्हणजे पुढचा पाय वाकलेला, मागचा सरळ, धनुष्याला बाण लावल्यासारखं. मग अशाच आणखी तीन बैठका, आणि त्या पाचांचा मिळून एक छोटा क्रम. लाथ दुसऱ्या महिन्यात. पहिल्या महिन्यात 30 पोरं होती, तिसऱ्यात 16 उरली. गेलेल्यांपैकी एकाचे वडील आमच्या दुकानी आले तेव्हा म्हणत होते, "महिनाभर पोट्ट्याले उभंच ठेवलं, काहून पैसे देऊ?" त्यांचंही चूक नाही. त्यांना कोणी आधी सांगायला हवं होतं, म्हणून तर मी हे लिहिते आहे.

उभं राहायला जमलं की ताओलू, म्हणजे ठरलेल्या क्रमानं सलग करायच्या हालचाली. आपल्या दांडपट्ट्याच्या हातांसारखंच. यात खरी परीक्षा सरांची असते. नुसती कवायत करून घेतात की प्रत्येक हात कशासाठी आहे ते जोडीदारावर दाखवतात? आमचे सर लहान पोरांना दाखवतात, मोठ्यांना टाळतात. का ते मला अजून कळलं नाही. हत्यारांत इथे फक्त काठी आहे, तीही मेळघाटच्या बांबूची. चीनमध्ये यासाठी मेणासारखं गुळगुळीत, लवचिक पांढरं लाकूड वापरतात, ते इकडे कुठलं मिळायला. तलवार, भाला फक्त चित्रात.

मध्ये एकदा वर्गात वाद झाला. एक पोरगा म्हणाला, हे सगळं आपलंच आहे, बोधिधर्म नावाच्या इकडच्या भिक्षूनं चीनला नेलं. सरांनी त्याला खाली बसवून नीट सांगितलं. हेनान प्रांतातलं शाओलिन मंदिर 495 साली उभं राहिलं आणि तिथले पहिले मुख्य भिक्षू भारतातून गेलेले होते, हे खरं. पण बोधिधर्मानं तिथे मुष्टियुद्ध शिकवलं ही कथा बरीच नंतरची, इतिहासकार ती मानत नाहीत. पोरगा हिरमुसला. मग सरांनी दुसरी गोष्ट सांगितली. 1914 साली निघालेलं अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपल्याकडे सगळ्यांना माहीत. 1936 ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचा चमू आपले देशी खेळ दाखवायला तिकडे गेला होता. त्याच वेळी चीनचा चमूही आपली वूशू दाखवायला तिथे आला होता. म्हणजे अमरावतीचे पैलवान आणि चीनचे एकाच गावात, एकाच महिन्यात! एकमेकांना भेटले असतील का, असं त्या पोरानं विचारलं. सरांनी खांदे उडवले. मी मात्र त्या दिवशी मशीनवर बसून दिवसभर तोच विचार करत होते.

आता माझं. पोरीला सोडायला जायचं आणि दीड तास पायरीवर बसून राहायचं, त्यापेक्षा रविवारच्या तायचीच्या गटात जाऊन उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, "आता चाळिशीत तुले मारामारी शिकाची हाये काय वं?" मला खांद्याचं दुखणं होतं. वीस वर्षं मशीनवर वाकून मान पुढे आलेली.

गटात आम्ही नऊ जण, सगळ्यात मोठे 71 वर्षांचे आजोबा. शिकवतात तो 24 हालचालींचा क्रम, चीनमध्ये 1956 साली साध्या माणसांसाठी छोटा करून बसवलेला. सरांनी साल सांगितलं तसे आजोबा म्हणाले, "त्याच साली माह्या बापानं नागपुरात दीक्षा घेतली." त्यानंतर ते एकही रविवार चुकले नाहीत.

तायची हीसुद्धा लढाईचीच विद्या, हे बहुतेकांना माहीत नसतं. ती चेनजियागोऊ नावाच्या खेड्यातली, त्याच हेनान प्रांतातली, चेन घराण्याची. तिथून यांग लुचान नावाचा बाहेरचा माणूस 19 व्या शतकात ती शिकून बीजिंगला घेऊन गेला आणि तिचा बोलबाला झाला. 2020 मध्ये युनेस्कोनं तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. खेड्यातली म्हटल्यावर मला ती जवळची वाटली, एवढं खरं.

हळू करायचं म्हणजे सोपं, असं मला वाटलं होतं. वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायला सर आठ-दहा सेकंद लावतात. त्या दहा सेकंदांत कळतं की आपण आयुष्यभर पाय आपटत चाललो.

चौथ्या महिन्यात जोडीनं करायचा सराव सुरू झाला, तुइशोऊ. समोरच्या बाईच्या मनगटाला मनगट लावायचं, सोडायचं नाही आणि दोघींनी हात गोल फिरवायचे. कोणी जोर लावला की दुसरीनं अडवायचं नाही, जागा करून द्यायची. माझी जोडीदार अंगणवाडीतली मदतनीस, माझ्यापेक्षा बारीक. मी जरा दाबलं तर ती कमरेतून वळली आणि मी तोंडघशी, तिच्या मागच्या खुर्च्यांच्या थप्पीवर. सगळे हसले. सर म्हणाले, "ताई, तुम्ही ढकलता." तेव्हा एकदम उजेड पडला. नवीन पोरी शिवणाला येतात तेव्हा मी दिवसातून दहा वेळा हेच ओरडते: कापड ढकलू नका, ओढू नका, सुईखालचे दात ते आपोआप पुढे नेतात, हातानं फक्त दिशा द्या. ओढलं की सुई तुटते. पुढच्या रविवारी मी डोळे मिटून, हाताखाली कापड आहे असं समजून केलं. पडले नाही. जोडीदारही पडली नाही म्हणा.

खांदा पूर्ण बरा झालेला नाही. पण वरच्या फळीवरचा थान आता मीच काढते, पोरीला हाक मारत नाही. गुडघेदुखी असलेल्यांना सर उंचच उभं करतात, खाली बसायला लावत नाहीत. तरी आधी डॉक्टरांना विचारून या.

आता कापलेला गुण. जागा मंगल कार्यालयाची, त्यामुळे लगनसराईत सगळा खेळखंडोबा. आदल्या रात्री लग्न असलं की हॉलभर पिवळ्या अक्षता पसरलेल्या. चीनमध्ये पातळ तळव्याचे कापडी बूट घालून शिकतात, इथे निम्मी पोरं अनवाणी, आणि फरशीवर ज्वारीचे दाणे म्हणजे छर्रे. पहिली पंधरा मिनिटं झाडू मारण्यात जातात. वऱ्हाड मुक्कामी असलं तर वर्ग बाहेर ट्रकांच्या शेजारी. एप्रिल-मेमध्ये महिन्याला सात-आठ दिवस असेच बुडाले, फी मात्र पूर्ण. मुलींना कपडे बदलायला वेगळी जागा नव्हती. दोनदा सांगून झालं नाही तेव्हा मी जुन्या चादरींचा पडदा शिवून नेला, आता तो तिथे आहे. सर शेतकरी, त्यामुळे पेरणीच्या आठवड्यात आणि कापूस वेचणीला मजूर मिळाला नाही तर गैरहजर, एक मोठा मुलगा वर्ग घेतो आणि त्याला ओरडण्यापलीकडे फारसं येत नाही. फळ्यावर चिनी शब्द देवनागरीत लिहून देतात, पण दर आठवड्याला वेगळ्या शुद्धलेखनात. पोरीच्या वहीत गोंगबू तीन प्रकारांनी आहे.

सगळ्यात राग आला तो सातव्या महिन्यात. जोडीच्या सरावात दुसरीचं कोपर लागून पोरीचा ओठ फुटला आणि तिथे प्रथमोपचाराची पेटीच नव्हती. पहाटे सहाला कोणतं मेडिकल उघडं असणार? शेवटी भटारखान्यात आदल्या दिवशीचा उरलेला बर्फ सापडला. मी सरांना सगळ्यांसमोर बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि दोन दिवसांत पेटी आणली. ग्लोव्हज आणि दातांचं रक्षण घेतल्याशिवाय लढत आता बंद आहे.

ती लढत म्हणजे सांदा: ठोसा, लाथ आणि धरून पाडणं. पोरीचा सगळा जीव त्यात. मणिपूरच्या रोशिबिना देवीनं हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 60 किलो गटात रौप्य मिळवलं तेव्हापासून तिचा फोटो आमच्या मशीनच्या वर चिकटवलेला आहे. आशियाई स्पर्धेत वूशू 1990 पासून आहे. पण ज्यांना स्पर्धा आणि शाळेच्या खेळाच्या गुणांसाठीच पाठवायचं आहे त्यांनी इथे येऊ नये. इथे वर्षातून एखादी स्पर्धा, तीही सरांच्या मनात आलं तर.

ज्याला सहा महिने फारसं काही न दिसता टिकता येईल, त्यानं जावं. आधी दोन दिवस फुकट बसून पाहू देतात. लगनसराईत निघण्याआधी फोन करा, पाणी घरून न्या, तिथल्या टाकीचं पिऊ नका.

आणि पायजमा बाजारातून घेऊ नका. दुकानदार शाईन मारणारं कापड देतो, पहिल्याच माबूत फाटतं. सुती कापड तुमचं आणा, मी शिवून देते. शिलाई 250, कमरेला आणि घोट्याला इलॅस्टिक, आसनात चौकोनी तुकडा घालून. अकरातला एकही अजून फाटला नाही.