टीवायनंतर थांबायचं, की चौथं वर्ष करायचं?

नव्या शैक्षणिक धोरणाखाली राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ ला आणि संलग्न महाविद्यालयांत त्याच्या पुढच्या वर्षी जी मुलं आली, त्यांच्यापुढे सहाव्या सेमिस्टरला तीन वाटा असतात. तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडायचं, चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं, किंवा संशोधनासह ऑनर्स करायचं.

आधी वर्षांचा हिशेब करू. तीन वर्षांवर थांबलात तर एम.ए., एम.एस्सी. दोन वर्षांचं. चौथं वर्ष केलंत तर एका वर्षाचं. म्हणजे दोन्हीकडून पाचच वर्षं होतात. पुढे शिकायचंच असेल, तर ‘पोरीचं एक वर्ष वाया जाईल’ ही पालकांची भीती अनाठायी आहे. प्रश्न आहे तो हे चौथं वर्ष कुठे जाणार याचा. ऑनर्सला ते बहुधा आपल्याच कॉलेजात, त्याच दोन-तीन प्राध्यापकांच्या हाताखाली जातं. दोन वर्षांच्या एम.ए.ला ते विद्यापीठाच्या विभागात जातं. तिथे मोठं ग्रंथालय असतं आणि वर्गात जिल्ह्याजिल्ह्यातून आलेली मुलं भेटतात. एका वर्षाच्या एम.ए.त तिथे रुळेपर्यंत परीक्षा येते. म्हणून तालुक्याच्या कॉलेजात तुमच्या विषयाचा विभाग तोकडा असेल, तर मी तरी ३ + २ च सुचवीन. विभाग खरोखर चांगला असेल, तर ४ + १.

एमपीएससी, बँक किंवा थेट नोकरी डोळ्यांपुढे असेल, तर तीन वर्षांची पदवी पुरते. याउलट अमेरिकेत मास्टर्स करायचं असेल, तर तिथली बरीच विद्यापीठं बारावीनंतरची चार वर्षं मोजतात. तिथे चौथं वर्ष उपयोगी पडतं.

आता ऑनर्स की संशोधनासह ऑनर्स? इथे घाई करू नका. दोन्हींत एकूण क्रेडिट, म्हणजे अभ्यास मोजायचं एकक, सारखीच, १६० ते १७६. ऑनर्सला मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे, जास्त पेपर आणि ओजेटी (एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) असते. संशोधनाच्या वाटेला १२ क्रेडिटचा प्रकल्प असतो आणि त्यासाठी पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. त्यामुळे ‘७५ पडलेत, मग संशोधनच घे’ असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. ७५ टक्के म्हणजे फक्त प्रवेशाची परवानगी. वर्ष कसं जाईल हे मार्गदर्शकावर ठरतं.

तेव्हा अर्ज भरण्याआधी विभागात जाऊन बसा. तिथे पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक आहेत का, आणि ते कायम नेमणुकीवर आहेत की तासिका तत्त्वावर, हे विचारा. एका सरांकडे किती मुलं असणार? रसायनशास्त्रात असाल, तर लागणारं उपकरण कॉलेजात चालू आहे की नमुने दुसरीकडे पाठवावे लागतात? भूगोलात असाल, तर क्षेत्रभेटीचा खर्च कोण करणार? मागच्या मुलांचे प्रबंध मागून वाचा. पाच प्रबंधांत तीच प्रश्नावली आणि तेच पाय-चार्ट दिसले, तर तुमचाही प्रबंध तसाच होईल. उलट एखाद्या मॅडमनी स्वतःच्या चालू कामातला छोटा तुकडा तुमच्या हाती दिला, तर ते वर्ष सोन्याचं. प्रश्न कसा मांडायचा आणि चुकलेला मसुदा पुन्हा कसा लिहायचा, हे तिथे शिकता येतं आणि ते पेपर लिहून येत नाही.

एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. पीएच.डी.साठी संशोधनवालं ऑनर्सच लागतं, असं बरेच जण धरून चालतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या पीएच.डी. नियमांत चार वर्षांच्या पदवीला एकूण ७५ टक्क्यांची अट आहे, राखीव प्रवर्गांना पाच टक्के सवलतही आहे. संशोधनाचीच शाखा हवी असं त्यात म्हटलेलं नाही. त्यामुळे विभागात मार्गदर्शक नसेल, तर साधं ऑनर्स घेऊन चांगले पेपर करा, दार बंद होत नाही. पण ओजेटी कुठे मिळणार हे प्रवेशाआधीच विचारा. कॉलेजचा एखाद्या संस्थेशी लेखी करार असेल तर उत्तम. ‘तुम्हीच शोधा’ असं उत्तर आलं, तर ओळखीच्या दुकानातून प्रमाणपत्र आणण्यावर काम भागवलं जातं आणि ओजेटीचे चार क्रेडिट कागदावरच राहतात.