जुना डीएसएलआर घेताय? आधी फोकसची मोटर कुठे आहे ते बघा

काकांच्या कपाटातून निकॉनची जुनी ५० एमएम लेन्स निघालीय आणि तिच्यासाठी सेकंडहँड बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, शोधताय? मग मेगापिक्सेल राहू द्या बाजूला. लेन्स उलटी करा. माउंटच्या, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या बाजूच्या, धातूच्या कड्यात स्क्रूच्या डोक्यासारखी बारीक खाच दिसली, तर अर्धा निर्णय तिथेच झाला.

ही खाच म्हणजे ऐंशीच्या दशकातलं भांडण. १९८५ मध्ये मिनोल्टाने ७००० आणला. त्यात फोकसची मोटर बॉडीत होती आणि अशा खाचेत बसणाऱ्या एका छोट्या दांडीने ती लेन्स फिरवायची. पुढच्या वर्षी निकॉनने एफ-५०१ मध्ये तीच वाट धरली, कारण १९५९ पासून चालत आलेला एफ माउंट त्यांना सोडायचा नव्हता. कॅननने १९८७ मध्ये ईओएस ६५० काढताना जुना एफडी माउंट सरळ मोडीत काढला. मोटर लेन्समध्ये गेली, बॉडीशी नातं फक्त विजेच्या टोकांचं. घरात एफडी लेन्स साठवलेल्यांनी बोटं मोडली, पण त्या वेळची कॅननची ईएफ, म्हणजे नव्या माउंटची, लेन्स आजही कुठल्याही ईओएस डीएसएलआरवर आपोआप फोकस करते.

निकॉननेही पुढे एएफ-एस लेन्समध्ये मोटर घातली, आणि २००६ च्या डी४० पासून स्वस्त बॉडींतली मोटर काढून टाकली. गोची इथे होते. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींवर खाचेची लेन्स बसते, फोटोही निघतो, फक्त फोकस हाताने करावा लागतो. भाच्याला मी डी५३०० आणि खाचेची ५० एमएम अशी जोडी घेऊन दिली होती. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर ढोल अंगावर येत होते आणि हा आपला कडं फिरवतोय! चूक माझीच. ‘बसते’ आणि ‘चालते’ यांत फरक असतो, हे मी दुकानात विचारलंच नाही.

तेव्हा खाचेची लेन्स असेल तर डी७२०० घ्या. २०१५ ची बॉडी, आत मोटर, ५१ फोकस पॉइंट, त्यातले १५ क्रॉस-टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारे. कवडीपाटला किंवा भिगवणला उडते पक्षी टिपायला मला त्याचं ट्रॅकिंग कॅनन ८०डीपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. पण खाचेची लेन्स आवाज करते. भाच्याने पुढे डी७२०० घेतला, तेव्हा आजीने विचारलं, “काय दळतोयस रे?”

व्हिडिओ करायचा असेल, किंवा लेन्स मुळीच नसेल, तर कॅनन ८०डी. पॉइंट ४५, सगळे क्रॉस-टाइप. खरी गंमत स्क्रीनवर बघून शूट करताना कळते. कॅननने २०१३ च्या ७०डीपासून सेन्सरमध्येच ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस (पिक्सेलचे दोन भाग करून फोकस मोजणारा) दिला, त्यामुळे एसटीएम, म्हणजे स्टेपिंग मोटरच्या, लेन्सवर फोकस अलगद सरकतो. डी७२०० तिथे कॉन्ट्रास्ट शोधत पुढेमागे करत बसतो. अंधारात दोघे जवळपास सारखेच, त्यावर वेळ घालवू नका.

उद्या मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्याकडे, जायचं डोक्यात असेल तर तोल कॅननकडे आणखी झुकतो. कॅननच्या अ‍ॅडॉप्टरवर ईएफ लेन्सचा ऑटोफोकस टिकतो. निकॉनच्या एफटीझेड या तशाच जोडणीत मोटर नाही, म्हणजे काकांची लेन्स पुन्हा हातानेच.

कुठलाही घ्या, पैसे देण्याआधी एक वर्तमानपत्र काउंटरवर पसरा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्या. डीएसएलआरमध्ये आरशामागचा छोटा आरसा उजेड खाली वळवतो आणि फोकस तळातला वेगळा सेन्सर ठरवतो. उजेडाच्या दोन्ही वाटांचं (फोटोच्या सेन्सरपर्यंतच्या आणि या सेन्सरपर्यंतच्या) अंतर केसभर जरी चुकलं तरी फोकस पुढे-मागे पडतो. म्हणून व्ह्यूफाइंडरमधून बघत, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) पूर्ण उघडून, तिरकस कोनातून मधल्या एका ओळीवर फोकस करा आणि फोटो मोठा करून बघा. वरची किंवा खालची ओळ जास्त स्पष्ट आली, तर डी७२०० आणि ८०डी या दोन्ही बॉडींत मेनूतून ते दुरुस्त करता येतं. डी५३०० मध्ये ती सोयही नाही.