ऐंशी टक्क्यांचं शहर: राक्षसयुद्धाचा तटबंदी संच घेताना होणारी फसवणूक

जाहिरातीतल्या फोटोत सगळं असतं. चार कोपऱ्यांवर चार बुरूज, चर्यांआड (तटावरच्या दगडी कंगोऱ्यांआड) धनुर्धारी, मधोमध लोखंडी पट्ट्यांचा महादरवाजा आणि तटाबाहेर शिंगं रोखून उभी राक्षसांची फौज. टेबलावर मिनिएचर, म्हणजे सैनिक-राक्षसांच्या छोट्या प्रतिकृती, मांडून खेळणाऱ्याला असं सीमेवरचं शहर एकदा तरी हवं असतंच. थ्रीडी प्रिंटर घरात नसला, किंवा साठ-सत्तर तुकडे छापायची उसंत नसली, की तयार छापलेला संच मागवला जातो. फसवणूक नेमकी इथे होते. पैसे घेऊन पसार होणारेही आहेत, पण ते निदान लवकर उघडे पडतात. जास्त माणसं गंडतात ती संच हातात येऊनसुद्धा. शहर येतं, तुकडे मोजून पूर्ण असतात, रंगवून झालं की दिसतंही बरं. पहिल्या लढाईत मात्र तटावरचे सैनिक पटापट खाली पडायला लागतात, कारण अख्खं शहर ८० टक्के आकारात छापलेलं असतं.

हे कसं घडतं ते समजायला आधी मापं पाहू. या खेळांत साधारणपणे २५.४ मिलिमीटरचा, म्हणजे एका इंचाचा चौकोन पाच फूट मानतात. माणसाएवढ्या मिनिएचरचा बेस, म्हणजे पायाखालची चकती, २५ मिलिमीटरचा असतो, मोठ्या राक्षसाचा ५० आणि त्याहून मोठ्यांचा ७५ किंवा १००. विचार करून बनवलेल्या संचात शहराची सगळी मापं या बेसवरून ठरतात. फांजी, म्हणजे तटावरची चालायची वाट, निदान ३० मिलिमीटर रुंद ठेवतात, म्हणजे २५ चा बेस दोन्हीकडे थोडी जागा ठेवून बसतो. महादरवाजाची मोकळी रुंदी ५५ ठेवली की ५० च्या बेसचा राक्षस आत घुसू शकतो. दरवाजा फुटल्यावर शत्रू आत शिरणं हाच तर अशा लढाईचा कळीचा क्षण.

आता या संचाची फाइल, म्हणजे ज्यावरून प्रिंटर छापतो ते संगणकावरचं मॉडेल, ८० टक्क्यांवर छापा. फांजी ३० ची २४ होते आणि २५ चा बेस तिच्यावर बसत नाही. दरवाजा ५५ चा ४४ होतो आणि राक्षस बाहेरच अडकतो. दोन बुरुजांमधली तटाची लांबी ३०० असेल तर ती २४० होते. म्हणजे आतलं मैदान ३०० बाय ३०० चं २४० बाय २४० झालं, साधारण १३९ चौकोनांऐवजी ८९. शहराचा एक तृतीयांशाहून जास्त भाग पाकिटात आलाच नाही, आणि फोटोत ते ओळखू येत नाही, कारण सगळंच सारख्या प्रमाणात लहान झालेलं असतं. म्हणूनच जमिनीच्या फरशा, ज्यांच्यावर चौकोन कोरलेले असतात, असल्या संचात बऱ्याचदा नसतात. ‘फरशी पुढच्या पार्सलमध्ये’ असं कुणी म्हणालं तर जरा थांबावं. फरशीवरचा चौकोन २५.४ ऐवजी २०.३ निघाला की पट्टी लावताक्षणी पितळ उघडं पडतं.

विकणाऱ्याला यातून काय मिळतं? प्लास्टिक वाचतं, पण त्याहून जास्त वाचतो वेळ. २०० मिलिमीटर उंच बुरूज ०.२ च्या थराने छापला तर हजार थर होतात. थराला एक मिनिट धरलं तरी सोळा तास चाळीस मिनिटं एकाच बुरुजाला लागली. तोच बुरूज १६० उंचीचा करून थर ०.२८ केला तर ५७१ थर पुरतात, शिवाय प्रत्येक थर लहान असल्याने तोही लवकर उरकतो. वेळ निम्म्याच्याही खाली येतो. जाड थराची खूण घुमटावर आणि शंकूच्या छपरावर दिसते. तिथे पायऱ्या-पायऱ्या उमटतात आणि रंगाचा कोरडा ब्रश फिरवला की त्या आणखीच उठून दिसतात. सरळ भिंतीवर दगडांचं कोरीवकाम हे लपवून टाकतं, म्हणून फोटो नेहमी भिंतीचा मिळतो. मागायचा तो छपराचा, तिरप्या उजेडात काढलेला.

वजनाची गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण हा पुरावा नाकारता येत नाही. १०० लांब, १०० उंच आणि ३५ जाड असा तटाचा एक तुकडा धरू. ०.४ च्या नोझलने (प्रिंटरच्या तोटीने) तीन पदरी कवच, म्हणजे १.२ मिलिमीटर, आणि आतल्या पोकळीत १० टक्के भरावाची जाळी ठेवली तर पीएलए या छपाईच्या प्लास्टिकचा हा तुकडा ९० ग्रॅमच्या आसपास भरतो. (पीएलएची घनता घन सेंटिमीटरला १.२४ ग्रॅम, त्यावरून हिशेब कुणालाही करता येतो.) सगळं तसंच ठेवून आकार ८० टक्के केला तर वजन ५० ग्रॅमच्या जवळ येतं. त्यावर कवच दोन पदरी आणि जाळी ५ टक्के केली की उरतात जेमतेम ३२ ग्रॅम. चर्या आणि दगडांच्या खाचांमुळे प्रत्यक्ष वजन थोडं पुढेमागे होईल, पण ९० आणि ३२ यांतला फरक खाचांनी पडत नाही. ऑर्डर देण्याआधी तटाचा एक तुकडा स्वयंपाकघरातल्या साध्या डिजिटल काट्यावर ठेवून फोटो पाठवायला सांगावा आणि त्याच फोटोत पट्टी असावी. प्रामाणिक माणूस पाच मिनिटांत पाठवतो. ‘प्रत्येक तुकडा वेगळा असतो, वजन सांगता येत नाही’ हे उत्तर आलं तर सौदा तिथेच सोडावा.

पातळ कवच हाताला लगेच कळतं. अंगठ्याने भिंत दाबली की ती किंचित आत जाते आणि कटकन आवाज येतो. फांजीचा वरचा पृष्ठभाग उशीसारखा फुगलेला किंवा बारीक छिद्रांचा असेल तर खाली जाळी विरळ आहे आणि वरचे थर अधांतरी पडलेत असं समजावं. घाईची आणखी एक खूण तळाशी असते. तुकडा काचेवर ठेवून कोपऱ्यावर बोट दाबलं की डुगडुगतो, कारण छापताना कोपरे प्लेटवरून उचलले गेलेले असतात. असे तुकडे शेजारी शेजारी ठेवले की सांध्यात पाचरीसारखी फट राहते.

आणि चुंबकाचं भोक! आमच्या मते सगळ्यात सोपी परीक्षा हीच. तटाचे तुकडे जोडायला बऱ्याच संचांत टोकांना ५ बाय २ मिलिमीटरची गोल चुंबकं बसतात आणि त्यासाठी फाइलमध्ये साधारण ५.२ व्यासाचं, २.२ खोल भोक ठेवलेलं असतं. ८० टक्क्यांवर ते ४.१६ व्यासाचं आणि १.७६ खोल होतं, तिथे ५ चं चुंबक शिरणं शक्यच नाही. फसवणारा फाइलचा आकार बदलतो, पण बाजारातल्या चुंबकाचा आकार त्याच्या हातात नसतो. म्हणून ‘चुंबकं आपली आपण लावा’ असं सांगणाऱ्याकडे चुंबक बसवलेल्या सांध्याचा फोटो मागावा. क्लिपने जोडायच्या संचातही हेच. दुसऱ्या कुणी पूर्ण आकारात छापलेली क्लिप लहान केलेल्या खाचेत जात नाही. म्हणून काही जण क्लिपाही लहान छापून देतात. मग त्यांचा संच आपसांत जुळतो, पण दुसरीकडून घेतलेला एकही तुकडा त्याला कधीच जोडता येत नाही.

फोटोबद्दल. जाहिरातीतलं चित्र बहुतेक वेळा रेंडर असतं, म्हणजे फाइल संगणकावर रंगवून काढलेलं चित्र. ते दाखवण्यात गैर काही नाही, पण त्यासोबत छापलेल्या तुकड्याचा फोटो हवाच. लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून प्रकल्प उभे करणाऱ्या किकस्टार्टर या संकेतस्थळाने २०१२ साली वस्तूंच्या प्रकल्पांना हुबेहूब भासणारी रेंडर दाखवायला मनाई केली ती याच कारणाने. आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेल्या शहरांची भर पडली आहे. अशा चित्रामागे फाइलच नसते, त्यामुळे ते शहर कुणी कधी छापूच शकत नाही. चित्र मोठं करून पाहावं. चर्या एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद, जिना भिंतीत जाऊन संपलेला, दरवाजाला बिजागऱ्याच नाहीत, बुरुजावरच्या जंग्या (मारा करायची भोकं) आतून पोहोचता येणार नाही अशा जागी, असं काहीतरी सापडतंच. तेच शहर मागच्या बाजूने दाखवा म्हटलं की उत्तर येणं बंद होतं.

फाइल कुणाची, हाही प्रश्न विचारायलाच हवा. शहरांचे आणि राक्षसांचे डिजिटल शिल्पकार आपल्या फाइल सहसा वैयक्तिक वापरासाठी विकतात. छापून विकायचं तर वेगळं व्यापारी लायसन्स घ्यावं लागतं, आणि ते बऱ्याचदा मासिक वर्गणीचं असतं, वर्गणी थांबली की परवानगीही थांबते. चोरलेल्या फाइलचं नाव बदललेलं असतं आणि तळाची शिल्पकाराची खूण पुसलेली असते. घेणाऱ्याचं यात काय जातं, असं वाटू शकतं. पण चोरीच्या फाइल अनेकदा अर्ध्या असतात. शिल्पकाराने नंतर सुधारलेला दरवाजा किंवा नव्याने दिलेला कोपऱ्याचा तुकडा त्यांत नसतो, आणि मग तटाचा चौकोन बंदच होत नाही. विकणाऱ्याला शिल्पकाराचं नाव विचारावं आणि त्या शिल्पकाराला थेट लिहून परवानगीची खात्री करून घ्यावी. शिवाय मूळ मापं त्याच्याच पानावर असतात, ती आपल्याला लागणारच आहेत.

राक्षस बहुतेक रेझिनचे, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकचे येतात, आणि इथे फसवणूक तब्येतीवर येऊ शकते. रेझिनचा तुकडा छापल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवावा लागतो, पूर्ण वाळवावा लागतो आणि मग अतिनील प्रकाशात पक्का करावा लागतो. मोठा राक्षस आतून पोकळ असतो, त्यात अडकलेलं कच्चं रेझिन निघून जायला तळाला भोकं हवीत. भोकं नसतील किंवा घाईत आतून धुतलंच नसेल, तर काही आठवड्यांनी पोटावर किंवा मांडीवर तडा जातो आणि चिकट द्रव पाझरतो. कच्च्या रेझिनची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की पुढे थोड्याशा संपर्कानेही त्रास होतो. पाकीट उघडल्यावर उग्र वास आला किंवा तुकडा बोटाला चिकटला तर नायट्राइलचे हातमोजे घालूनच हाताळावा, आणि मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. साच्यातून चोरून ओतलेली नक्कल वेगळी ओळखू येते. शिंगांच्या आणि नखांच्या टोकाला हवेचे बुडबुडे, अंगावर साच्याची उभी रेघ, आणि चेहऱ्याचं कोरीवकाम झिजल्यासारखं मऊ.

पैसे कसे द्यायचे यावर बरंच अवलंबून आहे. पेपॅल या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेवर मित्र-नातेवाईकांना पाठवायच्या पर्यायाने पैसे दिले तर खरेदीचं संरक्षण मिळत नाही. विकणारा ‘शुल्क वाचेल’ म्हणून तोच पर्याय सुचवत असेल तर नकार द्यावा. खरेदी म्हणून दिलेल्या पैशांबाबत तक्रारीला १८० दिवस असतात, आणि फसवणाऱ्याला ही मुदत पाठ असते. आधी नोझल बिघडतं, मग फिलामेंट (छपाईची प्लास्टिकची तार) संपतं, मग कुणी आजारी पडतं. दर पंधरा दिवसांनी एका अर्धवट बुरुजाचा फोटो येतो आणि घेणारा भिडेखातर थांबतो. पैसे दिले त्याच दिवशी कॅलेंडरवर १५० व्या दिवशी खूण करावी. तोवर पार्सल हाती नसेल तर कारण कितीही खरं वाटलं तरी तक्रार नोंदवावी. विकणारा प्रामाणिक असेल तर माल आल्यावर प्रकरण मिटवता येतं, पण मुदत एकदा गेली की परत मिळत नाही. कार्डाच्या व्यवहाराची मुदत बँकेला विचारून घ्यावी.

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढावा. पहिला तुकडा बाहेर आला की काट्यावर ठेवावा, मग फांजीची रुंदी, दरवाजाची मोकळी रुंदी आणि चुंबकाचं भोक व्हर्नियर कॅलिपरने मोजावं. तीन आकडे मूळ मापांच्या शेजारी लिहून त्यांचं प्रमाण काढावं. तिन्ही ठिकाणी ०.८ आलं तर तो छपाईतला दोष नव्हे, जाणूनबुजून बदललेला आकार आहे, आणि तक्रारीत नेमकं हेच लिहावं. ‘क्वालिटी खराब आहे’ असं लिहिलं की वाद चवीचा होतो. हे सगळं होईपर्यंत एकाही तुकड्याला प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारू नये. रंग लागला की माल वापरला असं समजतात.

पैसे बुडालेच आणि शहर गळ्यात पडलंच, तर ते फेकून देऊ नये. २८ मिलिमीटरच्या मिनिएचरचं प्रमाण साधारण १:५६ धरतात, त्याचे ८० टक्के म्हणजे १:७०. प्लास्टिकचे १:७२ चे सैनिक या तटावर अगदी व्यवस्थित उभे राहतात, त्यांना २० मिलिमीटरचे बेस लावले की २४ च्या फांजीवर जागा उरते. भोकांत ४ व्यासाची, दीड मिलिमीटर जाड चुंबकं सुपरग्लूच्या थेंबाने बसतात. फक्त सगळ्या तुकड्यांच्या डाव्या टोकाला एकच ध्रुव बाहेर राहील अशी आधी मार्करने खूण करून घ्यावी.