‘कॉइल जळाली आप्पा’: स्टील गिटारच्या हमिंगपायी गेलेले १४,०५० रुपये

आधी आकडा सांगतो, म्हणजे ज्यांना हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. तपासणी ३००, ‘जपानी’ पिकअपचे (तारांची थरथर विजेत बदलणारा गिटारमधला भाग) आगाऊ ६,५००, कुरिअर ४५०, ‘ड्यूटी’ २,२००, तात्पुरता पिकअप बसवायची मजुरी ७५०, हमिंग, म्हणजे विजेची घुर्र, मारायचा डबा ३,८५०. एकूण १४,०५०. आणि दोष काय निघाला? आतली एक सुटलेली वायर. सोल्डरचा एक डाग दिला, संपलं. डाग देणाऱ्यानं पैसे घेतले नाहीत, उलट चहा पाजला.

मी हवाईयन गिटार वाजवतो. मांडीवर आडवी ठेवून स्टीलच्या बारनं वाजवतात ती. अमळनेर, पारोळा, चोपडा, धुळे या पट्ट्यातल्या लग्नांत आणि ऑर्केस्ट्रात एकतीस वर्षं वाजवतोय. सुराचं मला कळतं, तारेचं कळतं, पण पत्र्याखाली काय आहे ते मी कधी उघडून पाहिलं नव्हतं. गाडी चालवणारा प्रत्येक जण इंजिन उघडतो का? गिटार कलकत्त्याची, पिकअप हातानं गुंडाळलेला, वरून पितळेचं झाकण. १९८७ साली एका वादकानं ऑर्केस्ट्रा सोडला तेव्हा त्याच्याकडून घेतलेली.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी नव्या तारा चढवल्या आणि घुर्र सुरू झालं. साधं नाही. आपली वीज सेकंदाला ५० सायकलची, म्हणजे हमिंग पेटीच्या पांढरी पाचच्या जवळपास, किंचित चढी. गायिकेचा सा पांढरी चार. विचार करा काय होत असेल. एका हळदीच्या कार्यक्रमात तिनं गाता गाता मान वळवून माझ्याकडं पाहिलं, आणि नवरदेवाचा मामा स्टेजवर येऊन म्हणाला, “भाऊ, ती डीजेची वायर काढा ना.” डीजे नव्हताच. ती मी होतो.

अशा अवस्थेत माणूस कोणाकडेही जातो. वादकांपैकीच एकानं जिल्ह्याच्या ठिकाणचा एक मेकॅनिक सुचवला. भाड्याचा गाळा, भिंतीला चार गिटारी, टेबलावर मल्टिमीटर. बोलायला गोड. मी सगळं सांगितलं. हेही सांगितलं की, “तारांना हात लावला की घुर्र कमी व्हायच्या ऐवजी वाढते.”

पुन्हा वाचा ते वाक्य. निदान मीच माझ्या तोंडानं त्याच्या टेबलावर ठेवलं होतं. गिटारच्या तारा आतून एका बारीक वायरनं जॅकच्या, म्हणजे पिन खुपसतात त्या जागेच्या, अर्थिंगच्या पत्तीला जोडलेल्या असतात. ती जोडणी शाबूत असली की तारांना हात लागताच आपलं अंग अर्थला जातं आणि हमिंग दबते. जोडणी तुटली की आपलं अंग अँटेनासारखं वागतं, घरभरची वीज गोळा करून तारांमार्फत पिकअपपर्यंत नेतं. तारा बदलताना मी मागची पट्टी हलवली होती, तेव्हाच ती वायर सुटली. त्याला हे ऐकताक्षणी कळलं असणार. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, “कॉइल जळाली आप्पा.”

मग मल्टिमीटर लावून दाखवला. पडद्यावर डाव्या कोपऱ्यात नुसता १. “बघा, ओपन आहे.” म्हणजे आतली तार तुटलेली. मी पाहिलं. नॉब कुठं होता तेही पाहिलं, २०० वर. पण पाहणं वेगळं आणि कळणं वेगळं. पिकअपच्या कॉइलमध्ये केसापेक्षा बारीक तारेचे हजारो वेढे असतात, तिचा रेझिस्टन्स काही हजार ओहम. तो मोजायला नॉब २०-के, म्हणजे वीस हजार ओहमवर लागतो. २०० वर ठेवला तर चांगली कॉइलसुद्धा १ च दाखवणार. पाव किलोच्या तराजूत पोतं ठेवण्यासारखं आहे ते. मीटर लावणाऱ्याच्या हाताकडं नाही, नॉबकडं बघा.

आणि मीटर जाऊ द्या हो. गिटार वाजत होती! घुर्र होती, पण गाणंही पूर्ण येत होतं. त्याच्याच टेबलावर मी मुखडा वाजवून दाखवला होता. कॉइल तुटली असती तर आवाज मेला असता, फार तर पातळ चिरका आला असता. आणि जळणार तरी कशानं? पिकअपमध्ये वीज घालत नाहीत, तिथून निघते. तीही इतकी क्षीण की तिला वाढवायला अँप्लिफायर लागतो. हे सगळं मला आता येतं. तेव्हा मी मान डोलावली आणि खिशात हात घातला. रात्री झोपताना मला तोच क्षण दिसतो: समोर वाजणारी गिटार, आणि ती मेली आहे हे ऐकून घेणारा मी.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, असले लोक कसे चढत जातात. म्हणाला, जपानहून दोन कॉइलचा पिकअप मागवतो, त्यात हमिंग येतच नाही. आता यात खोटं काहीच नाही, हीच तर खुबी. उलट गुंडाळलेल्या दोन कॉइल, चुंबकंही उलटी, म्हणजे बाहेरची घुर्र एकमेकींत कटते आणि तारांचा आवाज राहतो. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरनं १९५५ मध्येच त्याच्या पेटंटचा अर्ज केला होता. खऱ्या गोष्टीत गुंडाळून दिलेलं खोटं कडू लागत नाही. माझा जुना पिकअप ‘मापासाठी नमुना’ म्हणून काढून घेतला आणि जागी एक हलका लावला, तात्पुरता. पावती मागितली तर वहीच्या कागदावर ‘मिळाले’ एवढंच. कशाचे मिळाले ते नाही. कोणताही जुना भाग दुकानात सोडू नका. सोडावाच लागला तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा.

हलक्या पिकअपला हमिंग अजून जास्त. साहजिक आहे, वायर सुटलेलीच होती. लग्नाच्या तारखा डोक्यावर, म्हणून त्यानं डबा काढला. काळा, जड, मध्ये लाल दिवा. गिटारची पिन एका बाजूला, अँप्लिफायरची दुसऱ्या बाजूला. त्यानं आधी डब्याविना वाजवलं, घुर्रर्र. मग डबा लावला, एकदम शांत. मी थक्क. त्या शांततेत त्याचा डावा अंगठा जॅकच्या पिनेच्या धातूवर टेकलेला होता. मी तो अंगठा पाहिला. मला वाटलं पिन सैल आहे म्हणून धरलीय. अंगठा तिथं टेकला की अंग अर्थला जातं, सुटलेल्या वायरचं काम अंगठा करतो. माझ्या गिटारचा दोष त्यानं माझ्यासमोर अंगठ्यानं दुरुस्त केला आणि त्याचे ३,८५० घेतले. डेमो घ्यायचा असेल तर समोरच्याला हात वर करायला सांगा, आणि वाजवा स्वतः.

घरी डबा लावला. लाल दिवा लागला. घुर्र जागच्या जागी. फोन केला तर म्हणे डबा ‘सेट व्हायला’ आठ दिवस लागतात. मग ड्यूटीचे २,२०० मागितले. तेही दिले. बायकोनं विचारलं, “कसाले इतला पैसा दिधा?” मी तिच्यावरच ओरडलो. त्यानंतर फोन बंद, आणि गाळ्याला दुसऱ्याच माणसाचं कुलूप.

शेवटी पारोळ्याकडच्या एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिककडं गेलो, सत्तरीच्या पुढचे नाना. नानांनी मीटर काढलाच नाही. आधी गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणला: हमिंग जवळजवळ गेली, म्हणजे अँप्लिफायर ठीक. तारांना हात लावला, वाढली. पिनेला हात लावला, गेली. “मागलं झाकण काढ.” वायर लोंबत होती. डाग दिला. जी थोडी उरली ती एकेरी कॉइलची उपजतच असते. नाना म्हणाले, अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब बैस आणि बसल्या जागी गिटार फिरवून बघ, एका कोनात ती सर्वात कमी होते. खरंच झाली. मग त्यांनी डबा फोडला. आत नऊ व्होल्टची बॅटरी, ती फक्त दिव्याला. एका जॅकमधून दुसऱ्या जॅकमध्ये सरळ वायर. आणि वजनासाठी एम-सीलमध्ये बसवलेला फरशीचा तुकडा.

तो फरशीचा तुकडा घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथं पहिला प्रश्न, “गिटार म्हणजे कोणती, उभी का आडवी?” दुसरा, “पैसे तुम्हीच दिले ना?” हो, मीच दिले. फसवणुकीत पैसे फसलेलाच देतो, दुसरा कोण देणार? म्हणे हा दिवाणी मामला. मी चारशेवीस म्हणालो तर साहेब हसले, ते कलम आता राहिलं नाही. मी वाचून गेलो होतो, म्हटलं भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे की, १ जुलै २०२४ पासून. मग म्हणाले गाळा दुसऱ्या हद्दीत. दुसऱ्या हद्दीतले म्हणाले तुम्ही राहता तिकडं द्या. ऑनलाइन पैसे दिलेत तर सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, ओटीपी सांगितला नाही, लिंक दाबली नाही, मग सायबर कसं? बँकेत गेलो तर, “पिन तुम्हीच टाकलाय काका.” प्रत्येकाला झेरॉक्स हव्यात. आधारची, पासबुकची, त्या ‘मिळाले’ कागदाची. एकानं फरशीच्या तुकड्याचीही झेरॉक्स मागितली असती, पण मशीन बंद होतं. पाच खेपा, एसटीचे ६४० रुपये वेगळे, ते मी वरच्या हिशोबात धरलेले नाहीत. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, सगळं खरं. पण समोरच्याचा पत्ता लागतो. गाळामालकाकडं भाडेकरार नाही, फोटोही नाही. त्याचंही दोन महिन्यांचं भाडं बुडालंय, तो माझ्याकडंच पत्ता विचारत होता.

दुकानदार ओळखीचा वाटला तरी जीएसटीचं बिल, नाहीतर निदान पत्ता छापलेली पावती घ्या. मी लाजलो. ओळखीतून आलोय, पावती काय मागायची, असं वाटलं. बाकीचे वादकही लाजले असणार, कारण हे लिहायला घेतल्यावर आणखी दोघांचे फोन आले. एकाकडं असाच डबा आहे, त्याचा दिवा हिरवा.

पैसे गेले ते गेले. पिकअप मात्र मला परत हवाय. पितळेचं झाकण, कडेला निळ्या रंगाचा ठिपका, खालच्या बाजूला खिळ्यानं कोरलेलं एक बंगाली अक्षर, आणि तिसऱ्या तारेखाली बार आपटून पडलेला पोचा. तो पोचा माझाच, धुळ्यातल्या एका कार्यक्रमातला. असा पिकअप कोणी विकायला आणला तर त्याला चहा सांगा, बोलत ठेवा, आणि मला फोन करा. मीटर मी घेतलाय आता. नॉब २०-के वर ठेवूनच येईन.