पणजीचं ‘कॅसिनो पॅकेज’: जहाजावर पाय ठेवण्याआधीच ३७,८०० ला चुना

सहा जणांचे मिळून ३७,८०० रुपये, म्हणजे माणशी ६,३००. पत्त्याला हात न लावता, मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या एकाही जहाजावर न चढता गेले. जुगारात हरलो असतो तर निदान गप्प बसलो असतो.

हिशोब मांडतो, कारण पुण्यात हाच हिशोब अजून फिरतोय. एजंटने विकलेली ‘कॅसिनो नाइट’ माणशी ४,५००. त्यात प्रवेश, अमर्याद जेवण आणि ड्रिंक्स, शिवाय २,००० च्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी टेबलावर लावायच्या चकत्या, ‘फ्री’. सहा जणांचे २७,०००. आधी निम्मे, १३,५००. मग ‘सर, नवीन जीएसटी लागू झालाय, ४० टक्के, तो भरल्याशिवाय व्हाउचर जनरेट होत नाही’ म्हणून १०,८००. मग व्हाउचर आलं आणि उरलेले १३,५०० गेले. पुढचं सगळ्यांना ठाऊकच आहे: फोन आधी ‘व्यस्त’, मग बंद, मग ब्लॉक.

‘एवढं कळलं नाही का?’ असं विचारणाऱ्या तमाम हुशार मंडळींना एकच सांगणं आहे. ४० टक्क्यांची गोष्ट थाप नव्हती. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला, हे पेपरात आलेलं आहे. खोट्या मागणीला खरी बातमी चिकटवली की भलाभला माणूस मान डोलावतो. शिवाय भाव काही मातीमोल नव्हता. निम्म्या किमतीत सांगितलं असतं तर कुणालाही संशय आला असता. या लोकांनी बाजारभावापेक्षा पाच-सातशेच कमी लावले होते.

पण त्या ‘टॅक्स इन्व्हॉइस’वर जे छापलेलं होतं, ते आठवलं की अजून डोकं फिरतं. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची, शेवटी तीन. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, गोव्याचा ३० ने. या इन्व्हॉइसवरचा क्रमांक ०७ ने सुरू होत होता, म्हणजे दिल्ली. जहाज पणजीचं, एजंट सिंहगड रोडचा आणि जीएसटी दिल्लीचा! त्यातही अक्षरं चौदाच. चौदा! ग्रुपमधले दोघे स्वतः धंद्याची रिटर्न्स भरतात. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता कुठलाही क्रमांक टाकून नाव तपासता येतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ते अर्धं मिनिट कुणालाच मिळालं नाही, कारण समोरचा दर दहा मिनिटांनी ‘सर, शनिवारचे चारच स्लॉट राहिलेत’ म्हणत होता. घाई हाच त्यांचा खरा माल.

दुसरी खूण यूपीआयच्या स्क्रीनवर होती. पिन टाकण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं. तिथे कंपनीऐवजी एका माणसाचं नाव आलं. विचारल्यावर उत्तर तयार होतं: ‘करंट अकाउंटची लिमिट संपली, अकाउंटंटचा नंबर आहे, टेन्शन नका घेऊ.’ धंद्याच्या नावाने पैसे मागणारा कुणीही वैयक्तिक खात्यावर पैसे मागू लागला की तिथेच थांबायचं, मग तो कितीही गोड ‘दादा, दादा’ करो. क्रेडिट कार्डने दिलेल्या पैशांसाठी बँकेकडे निदान चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. यूपीआयवर स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशाला तशी सोय नाही. म्हणूनच या एजंटांना कार्ड कधी ‘चालत’ नाही.

आणि कर वेगळ्या खात्यावर भरायचा नसतोच. तो ज्याचं बिल, त्याच्याच बिलात दिसतो. ‘टॅक्स आधी, व्हाउचर नंतर’ हे वाक्य ऐकलं की फोन ठेवून द्या.

व्हाउचर मात्र झकास होतं. जहाजाचा रात्रीचा फोटो, बुकिंग नंबर, कोपऱ्यात क्यूआर. तो क्यूआर स्कॅन केल्यावर बुकिंग उघडत नव्हतं, तोच फोटो पुन्हा उघडत होता. हे कळलं पणजीत, जेट्टीवरच्या काउंटरपाशी. आतल्या मुलाने कागद धड बघितलासुद्धा नाही. ‘सर, ये हमारा नहीं है. ऐसे रोज आते हैं.’ रोज येतात, मग काउंटरबाहेर मोठ्या अक्षरांत एक पाटी लावायला काय जातं, हे त्याला विचारून उपयोग नव्हता. तो बिचारा नोकर माणूस.

तेव्हा बुकिंग करायचं तर कॅसिनोच्या स्वतःच्या साइटवर, नाहीतर थेट काउंटरवर. एजंटकडूनच घ्यायचं असेल, तर उरलेले पैसे देण्याआधी कॅसिनोला फोन करून बुकिंग नंबर आणि नाव पडताळून घ्या. तो फोन नंबर व्हाउचरवरून घेऊ नका आणि सर्चमध्ये वर आलेलाही घेऊ नका. तिथेही खोटे नंबर चढवलेले असतात. साइटचा पत्ता स्वतः टाइप करून तिथलाच नंबर घ्या.

एजंट जे सांगत नाही, तेही ऐकून ठेवा. प्रवेशाचं वय २१ आहे, अठरा नव्हे. पुतण्याला, भाच्याला नेणार असाल तर आधी त्याची जन्मतारीख बघा. मूळ ओळखपत्र लागतं, मोबाइलमधला फोटो नव्हे. शुक्रवार ते रविवार भाव चढा असतो. पुण्याहून जाणारी मंडळी नेमकी तेव्हाच जातात, आणि एजंट आठवड्यातला स्वस्त दर दाखवून ‘वीकेंडचा फरक’ नंतर मागतो. हाफ पँट आणि चपलांवर आत सोडतीलच असं नाही. जेट्टीवरून जहाजापर्यंत छोट्या बोटी ये-जा करतात, त्यांचे वेगळे पैसे मागणारा कुणी भेटला तर तोही त्याच माळेतला मणी समजा.

‘२,००० च्या चिप्स फ्री’ हे तर व्हाउचर खरं असलं तरी निम्मंच खरं. पॅकेजमधल्या चिप्स बहुतेकदा ‘वन टाइम प्ले’ असतात. त्यांची रोकड होत नाही. एकदा लावली की जिंका वा हरा, ती चिप टेबल घेतंच. जिंकलात तर फक्त जिंकलेली रक्कम खऱ्या चिप्समध्ये मिळते. रूलेट म्हणजे फिरत्या चाकावर गोटी कुठल्या घरात पडते त्यावर लावायचा खेळ. एका शून्याच्या रूलेटवर ३७ घरं असतात. लाल किंवा काळ्यावर लावलं तर ३७ पैकी १८ घरं तुमची. म्हणजे २,००० च्या अशा चिप्सची सरासरी किंमत जेमतेम ९७३ रुपये होते. एजंट मात्र २,००० वजा करून ‘पॅकेज पडलं अडीच हजारालाच’ असा हिशोब समजावतो. या चिप्स कुठल्या टेबलावर आणि कुठल्या बाजीवर चालतात, हे बोटीत बसण्याआधीच काउंटरवर विचारून घ्या.

आत गेल्यावर पहिला प्रश्न कॅशियरला: ‘दहा हजार दिले तर हातात किती किमतीच्या चिप्स येतील?’ जीएसटी चिप्स घेताना मोजलेल्या रकमेवर बसतो. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर पुन्हा बसत नाही. तो ग्राहकाकडून वेगळा घ्यायचा की कॅसिनोने स्वतः सोसायचा, हे ज्याचं त्याने ठरवलेलं असतं, म्हणून विचारायचं. आणि न खेळता चिप्स परत केल्या तरी त्यावरचा कर सुटत नाही. एकदम पन्नास हजारांच्या चिप्स घेऊन ‘उरलेल्या परत देऊ’ म्हणणं म्हणजे कर फुकट भरणं. थोड्या थोड्या घ्या.

दोन शून्यांचं रूलेट असेल तर बसूच नका. ३८ घरं, कॅसिनोचा वाटा २.७० वरून ५.२६ टक्क्यांवर जातो, आणि जिंकल्यावर मिळणारे पैसे तेवढेच. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर ‘३ला २’ लिहिलंय की ‘६ला ५’, ते कापडावर वाचा. पाचशे लावून ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पानांतच २१) लागला तर पहिल्यात ७५०, दुसऱ्यात ६००. बॅकारा या पत्त्यांच्या खेळातला ‘टाय’ (दोन्ही बाजू बरोबरीत) ८ पट देतो म्हणून मोह होतो, पण त्यात कॅसिनोचा वाटा १४ टक्क्यांच्या वर असतो. यात फसवणूक कुठेच नाही, सगळं कापडावर छापलेलं आहे. वाचायचं की नाही, हा आपला प्रश्न.

एका जहाजाच्या चिप्स दुसऱ्यावर चालत नाहीत. वॉशरूमपाशी ‘पाच हजारांच्या चिप्स चार हजारांत’ विकणारा भेटला तर त्याच्याकडून घेऊ नका. कॅश काउंटर उघडा असताना तो तोटा का सोसतोय, एवढंच विचारा. उसने पैसे देऊ करणारा असेल तर त्याच्याशी बोलूच नका.

जेट्टीबाहेरचा ‘मी रोज याच टेबलावर जिंकतो’ म्हणणारा दलाल जर गोवेकर असेल तर मनातल्या मनात हसून घ्या. फेब्रुवारी २०२० पासून गोव्यातल्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. ‘व्हिलामध्ये प्रायव्हेट टेबल आहे, एन्ट्री फ्री’ हे तर सरळ तुरुंगाचं आमंत्रण. गोव्याच्या १९७६ च्या जुगार कायद्यात पुढे ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांनुसार पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ आणि जहाजांवर टेबलावरचे खेळ, एवढीच सूट आहे. व्हिलातल्या टेबलावर लुटलं गेलात तर तक्रार करायला गेल्यावर आरोपी तुम्हीच. आणि ‘गोव्याला न येता ॲपवर खेळा’ म्हणणाऱ्याला विचारा की ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर केंद्राने कायद्याने बंदी घातली, ती त्याला माहीत आहे का.

आता तक्रारीचं. इथे खरी चीड येते.

राहत्या भागातल्या पोलीस चौकीत पहिला प्रश्न आला तो ‘गोव्याला पैसे उडवायला कुणी सांगितलं होतं?’ दुसरा, ‘घटना तिकडची, तिकडे जा.’ पणजीतल्या ठाण्यात काय ऐकलं? ‘पैसे पुण्यातून गेले, पुण्यात तक्रार करा.’ म्हणजे ३७,८०० रुपये चोर्ला घाटात कुठेतरी हवेत तरंगत होते! हद्दीचा हा बहाणा कायद्यात उरलेलाच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ म्हणतं की गुन्हा कुठेही घडो, माहिती कुठल्याही ठाण्यात द्या. यालाच झिरो एफआयआर म्हणतात, आणि हे १ जुलै २०२४ पासून लागू आहे. हे सांगितल्यावर समोरच्या साहेबांनी पंख्याकडे बघितलं आणि अर्ज ठेवून जायला सांगितलं. अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे. पोच मिळाली ती गोल शिक्क्याची, तारखेशिवाय. शिक्का मारताना तारीख घालायला लावा, नाहीतर उद्या तुम्ही कधी आलात तेच सिद्ध होत नाही. आणि जुगारावर प्रवचन देणाऱ्यांना सांगा की इथे जुगार झालाच नाही. खोटं तिकीट विकणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. तरी नोंदवून घेत नसतील तर पोलीस उपायुक्तांना लेखी द्या, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. कुठल्या नोकरदाराला एवढ्या चकरा मारायला रजा मिळते, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

बँक त्याच्याही वर. ‘पिन तुम्हीच टाकलात ना? मग?’ रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं संरक्षण ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना आहे, हे खरं. पण समोरच्या बँकेला रक्कम रोखून धरायची विनंती पाठवायला कुणाचा हात धरला होता? काउंटरवरच्या मॅडमनी एक फॉर्म दिला, तो चुकीचा निघाला. दुसरा फॉर्म आणला तोवर जेवणाची सुट्टी झाली. तक्रार क्रमांक मात्र सोडू नका. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा भलतंच आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, फुकट तक्रार करता येते.

ग्राहक आयोगाचा सल्ला देणारेही भेटतात. ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही आणि स्वतः राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतो, इथवर ठीक. पण नोटीस पाठवायची कुणाला? सिंहगड रोडवरच्या त्या पत्त्यावर पिठाची गिरणी आहे.

म्हणून चौकी, बँक, आयोग हे सगळं नंतर. पैसे गेल्याचं कळल्याक्षणी, जेट्टीवर उभे असाल तर जेट्टीवरूनच, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. बारा आकडी यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक), रक्कम, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. यूटीआर ॲपमधल्या त्या व्यवहाराच्या तपशिलात असतो. आपले तीन व्यवहार होते, तर तीनही वेगवेगळे सांगा, बेरीज सांगू नका. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखला गेला तरच हाती लागतो, आणि हे लोक तो तासाभरात चार खात्यांत फिरवतात. चॅट डिलीट करू नका, रागाने ब्लॉकही करू नका. आधी सगळं एक्स्पोर्ट करून घ्या, कारण समोरचा स्वतःचे मेसेज ‘सगळ्यांसाठी’ पुसतो. ‘रिफंड देतो, लिंकवर पिन टाका’ असा फोन येईल, तो दुसरा हप्ता. पैसे मिळवायला पिन लागत नाही.

रक्कम रोखली गेलीच, तरी ती आपोआप परत येत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो. पूर्वी प्रत्येक वेळी कोर्टाचा आदेशही लागायचा; जानेवारी २०२६ पासून पन्नास हजारांखालच्या रकमेला तो लागत नाही. अर्जासोबत तक्रारीची पोच, बँकेचं स्टेटमेंट आणि ओळखपत्र जोडायचं. आमच्या ३७,८०० पैकी ४,१०० रुपये एका खात्यात अडकलेत. बाकीचे गेले. एजंटचा नंबर दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’मध्ये नोंदवलाय. तो अजून चालू आहे, आणि आता त्यावर थर्टीफर्स्टचं बुकिंग सुरू झालंय, माणशी ७,९९९, ‘टॅक्स एक्स्ट्रा’.