जँगो ५.२: लाईन जाणाऱ्या गावात काही महिने वापरल्यावर

चार जीबी रॅमचा जुना विंडोज लॅपटॉप, मोबाईलचा हॉटस्पॉट, रोजचा दीड जीबीचा पॅक आणि केव्हाही जाणारी लाईन. यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यांत शिकणाऱ्या बहुतेकांकडे एवढंच सामान असतं, आणि त्यावरच जँगो (पायथन भाषेत वेबसाइट बनवायचा तयार सांगाडा, म्हणजे फ्रेमवर्क) वापरल्यानंतरचं हे मत आहे. खेड्यातून वेब डेव्हलपमेंट शिकायचं तर जँगोच घ्या. एकदा उतरवून घेतलं की त्याला नेट लागत नाही. एसक्यूलाइट डेटाबेस, सर्व्हर, लॉगिन, ॲडमिन पॅनल सगळं आतच असतं.

आवृत्ती ५.२ घ्यावी. ती एप्रिल २०२५ मध्ये आली, दीर्घ मुदतीची आहे, सुरक्षा दुरुस्त्या एप्रिल २०२८ पर्यंत मिळतील. पायथन ३.१० किंवा पुढचं लागतं. पॅकेज ८ एमबीच्या आसपास आहे. तालुक्याला चांगलं नेट मिळालं की 'पिप डाउनलोड' कमांडने (पिप म्हणजे पायथनची पॅकेजेस आणून बसवणारं साधन), आवृत्ती ५.२ लिहून, एका फोल्डरमध्ये उतरवा. आवृत्ती लिहिली नाही तर सर्वांत नवी येते. सोबत एएसजीआयरेफ, एसक्यूएलपार्स आणि विंडोजवर टीझेडडेटा ही त्याला लागणारी पॅकेजेस आपोआप येतात. घरी 'पिप इन्स्टॉल'ला 'नो-इंडेक्स' आणि 'फाइंड-लिंक्स' हे पर्याय देऊन त्याच फोल्डरमधून बसवा. फोटोचं फील्ड वापरणार असाल तर पिलो ही फोटो हाताळणारी लायब्ररीसुद्धा तेव्हाच घ्या, पण ज्या आवृत्तीचं पायथन घरी आहे त्याच आवृत्तीच्या पायथनवरून. नाहीतर ते घरी बसत नाही. जँगोचं अधिकृत डॉक्युमेंटेशनही झिप करून मिळतं, तेही घेऊन ठेवा.

विंडोजवर पहिली अडचण व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टची पॅकेजेस वेगळी ठेवणारं फोल्डर) सुरू करताना येते. पॉवरशेल 'स्क्रिप्ट चालवायला परवानगी नाही' असं लाल अक्षरांत सांगतं. पॉलिसी बदलत बसण्यापेक्षा साधा कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि त्यातल्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधली ॲक्टिव्हेट डॉट बॅट चालवा. 'पायथन' टाईप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत असेल तर 'पीवाय' वापरा.

शिकणाऱ्यांचा सगळ्यांत जास्त वेळ जातो तो जुन्या व्हिडिओंमुळे. व्हिडिओतला कोड जसाच्या तसा उतरवूनही चालत नाही, आणि आपलंच काहीतरी चुकलं असं वाटत राहतं. खुणा ओळखा. टेम्प्लेटमध्ये 'लोड स्टॅटिकफाइल्स' असेल तर तो कोड जँगो ३.० च्या आधीचा. 'जँगो डॉट कॉन्फ डॉट यूआरएल्स'मधून 'यूआरएल' फंक्शन आणलेलं असेल तर ते ४.० मध्ये काढून टाकलंय, 'पाथ' वापरा. फॉरेन कीला (एका टेबलाची दुसऱ्या टेबलाशी जोडणी) 'ऑन_डिलीट' दिलेलं नसेल तर कोड २.० च्या आधीचा. आणि लॉगआउटच्या साध्या लिंकवर ४०५ एरर आला तर कारण हे, की ५.० पासून लॉगआउट फक्त पोस्टने होतं. लिंकच्या जागी छोटा फॉर्म टाका, त्यात सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटचा आहे याची खूण) आणि बटन. टोकन विसरलात तर ४०३ येतो.

मायग्रेशनची, म्हणजे कोडमधले बदल डेटाबेसच्या टेबलांत उतरवण्याची, भीती विनाकारण आहे. 'नो सच टेबल' म्हणजे 'मायग्रेट' चालवायचं राहिलं. 'नो चेंजेस डिटेक्टेड' आलं तर आधी सेटिंग्जमधल्या इन्स्टॉल्ड ॲप्समध्ये ॲपचं नाव आहे का ते बघा, मग ॲपमध्ये मायग्रेशन्स फोल्डर आहे का ते. फोल्डर नसेल तर 'मेकमायग्रेशन्स'पुढे ॲपचं नाव लिहा. भरलेल्या टेबलात नवीन सक्तीचं फील्ड टाकलं की जुन्या ओळींत काय भरायचं असं जँगो विचारतं. तिथे घाबरून डेटाबेसची फाइल उडवायची गरज नाही, पर्याय १ घेऊन एक किंमत द्या. मधेच लाईन गेली आणि लॅपटॉप बंद पडला तरी एसक्यूलाइटवर अर्धवट मायग्रेशन मागे फिरतं. पुन्हा 'मायग्रेट' चालवलं की झालं. 'डेटाबेस इज लॉक्ड' येतं ते बहुधा दुसऱ्या प्रोग्राममध्ये तीच फाइल उघडून बदल सेव्ह न करता ठेवल्यामुळे.

आता खरी तक्रार, आणि ही मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला भोवणारी. स्लगिफाय, म्हणजे नावावरून पानाच्या पत्त्यातला तुकडा (स्लग) बनवणारं फंक्शन, मराठी धरत नाही. नुसतं वापरलं तर 'सोयाबीन'चा स्लग रिकामा येतो आणि पान उघडताना 'नो रिव्हर्स मॅच' मिळतं. 'अलाउ_युनिकोड' चालू केलं तर 'सोयाबीन'चं 'सयबन' होतं, 'कापूस'चं 'कपस'. कारण असं, की स्लगिफाय जी रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरं ओळखायचा नमुना) वापरतं तिच्या हिशोबात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरंच नाहीत, म्हणून ती गाळली जातात. 'तूर' आणि 'तार' दोन्ही 'तर' होतात, आणि स्लग युनिक ठेवला असेल तर दुसरी नोंद अडते. त्यातून यूआरएलमधला 'स्लग' कन्व्हर्टर (पत्त्यातला तुकडा ओळखणारा नियम) फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, डॅश आणि अंडरस्कोर ओळखतो. सरळ उपाय म्हणजे पत्त्यात नोंदीचा क्रमांक वापरा, 'इंट' कन्व्हर्टर घालून. नाव पानावर दिसतंच.

मराठी डेटा बाहेर काढतानाही गडबड होते. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडल्यावर अक्षरांचा चिवडा दिसला तर फाइलच्या सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग सांगणारी खूण) हवा. एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या. 'डम्पडेटा' (डेटा फाइलमध्ये काढणारी कमांड) विंडोजवर 'चारमॅप'ची तक्रार करत असेल तर पायथनला 'एक्स यूटीएफ८' पर्याय द्या आणि फाइलचं नाव 'आउटपुट' पर्यायाने सांगा. पॉवरशेलमध्ये बाणाच्या चिन्हाने फाइल केली तर ती यूटीएफ-१६ होऊ शकते, मग डेटा परत भरणारी 'लोडडेटा' ती घेत नाही.

सरावासाठी टू-डू लिस्टपेक्षा कापसाच्या काट्याची नोंदवही करा. शेतकरी, वजन, भाव, हमाली, चुकारा. एवढ्यात फॉरेन की, फॉर्म, बेरजा सगळं येतं. १२ क्विंटल ३५ किलो माल क्विंटलला ७,१०० च्या भावाने ८७,६८५ रुपयांचा होतो. पैशाला फ्लोट फील्ड लावू नका, फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. डेसिमल फील्ड घ्या, दशांशानंतर २ स्थळं. मग कोडमध्ये डेसिमलला साध्या दशांश आकड्याने गुणलं तर 'टाइप एरर' येतो. तो आकडाही अवतरणात लिहून डेसिमल करून घ्या.

नवीन प्रोजेक्टमध्ये टाइम झोन यूटीसी (भारताच्या साडेपाच तास मागे) असतो. तो 'एशिया/कोलकाता' करा, आणि तारखेसाठी 'टाइमझोन डॉट लोकलडेट' वापरा. 'टाइमझोन डॉट नाऊ'मधून सरळ तारीख काढली तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदींवर आदल्या दिवसाची तारीख पडते. दूध संकलनाचं ॲप करणाऱ्यांनी हे नीट तपासावं.

मोबाईलवर पान बघायचं असेल तर रनसर्व्हरला (जँगोचा सरावाचा सर्व्हर चालवणारी कमांड) ०.०.०.०:८००० द्या, लॅपटॉपचा आयपी पत्ता सेटिंग्जमधल्या अलाउड होस्ट्समध्ये लिहा, फायरवॉलमध्ये पायथनला परवानगी द्या. मोबाईलच्याच हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडलेला असेल तर यात डेटा खर्च होत नाही. पत्ता एचटीटीपीनेच उघडा. हा सर्व्हर एचटीटीपीएस बोलत नाही. बूटस्ट्रॅप (पानाच्या सजावटीची तयार सीएसएस) सीडीएनवरून, म्हणजे नेटवरच्या सर्व्हरवरून, घेतलं असेल तर नेट नसताना पान उघडंबोडकं दिसतं, म्हणून ती सीएसएस फाइल स्टॅटिक फोल्डरमध्येच ठेवा.

लाईन नसताना बॅटरीवर काम चाललं असेल तर रनसर्व्हर 'नोरीलोड' लावून चालवा. एरवी तो दर सेकंदाला सगळ्या फाइली तपासत बसतो. मे महिन्यात टिनाखाली, कूलर बंद असताना, याने लॅपटॉपही कमी तापतो. फक्त कोड बदलल्यावर सर्व्हर हाताने बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो.