सॅन डिएगोचे डॉल्फिन आणि सी लायन: कोणत्या कामाला भरवशाचे, कोणत्या नाही

डॉल्फिन आणि सी लायन (सीलसारखा समुद्री प्राणी) यांना पाण्याखालच्या कामांसाठी शिकवण्याचा अमेरिकी नौदलाचा हा उपक्रम 1960 च्या सुमारास सुरू झाला. त्याचं मुख्य ठाणं कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या पॉइंट लोमा इथे आहे. कामाप्रमाणे प्राण्यांच्या तुकड्या केलेल्या आहेत आणि त्यांना 'मार्क' क्रमांक दिले आहेत. सगळ्या तुकड्यांना एकाच मापाने मोजणं चुकीचं ठरेल, कारण त्यांच्यात खूप फरक आहे.

सगळ्यात चोख सेवा मार्क 5 ची. सरावात डागलेले टॉर्पेडो आणि नकली सुरुंग तळाशी पडतात. त्यांना पिंगर लावलेला असतो, म्हणजे ठरावीक आवाज करत राहणारं यंत्र. कामाला एक छोटी रबरी नाव, मोजकी माणसं आणि एक सी लायन पुरतात. पाण्याखाली पिंगर ऐकू आला की सी लायन नावेतल्या पॅडला नाक लावून कळवतो. मग त्याच्या तोंडात चावून धरायची पट्टी देतात. तिच्या पुढे पकड असते आणि मागे नावेपर्यंत दोर. तो खाली जाऊन पकड वस्तूवर दाबतो, ती बसली की पट्टी सोडून वर येतो, आणि वस्तू दोराने ओढून घेतात. सुमारे 150 मीटर खोलीपर्यंत हे काम चालतं. एवढ्या खोलीवरून बुडी मारणाऱ्या माणसाला थांबत थांबतच वर यावं लागतं, नाहीतर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सी लायन एका श्वासावर जाऊन येतो आणि थोड्या वेळाने पुन्हा जाऊ शकतो. शिवाय अंधुक पाण्यात त्याची नजर उत्तम चालते. मर्यादा एकच, पण मोठी: पिंगर बंद पडला तर या पद्धतीचा आधारच जातो.

मार्क 7 मध्ये डॉल्फिन तळावरचे आणि गाळात रुतलेले सुरुंग शोधतात. उपक्रमाची खरी किंमत इथे कळते. गाळात गाडलेली वस्तू यंत्राच्या सोनारला (आवाज सोडून प्रतिध्वनीवरून वस्तू शोधणारं साधन) दगड-भंगारातून वेगळी काढणं जड जातं. डॉल्फिनच्या टिकटिकीचा प्रतिध्वनी मात्र आकाराबरोबर आतली घडणही सांगतो. प्रयोगात एका डॉल्फिनने धातूच्या नळकांड्यांच्या जाडीतला सुमारे पाव मिलिमीटरचा फरक ओळखला होता. शोध घेऊन आल्यावर काही सापडलं तर तो नावेच्या पुढच्या बाजूला तोंड लावतो, नसेल तर मागच्या बाजूला. होकार आला की त्याला खूण ठेवायला परत पाठवतात. पुढचं काम बुडी मारणाऱ्या माणसांचं. 'नाही' हे उत्तरही शिकवावं लागतं, आणि तेही बक्षिसासकट. नाहीतर माशाच्या आशेने प्राणी दर वेळी होकारच देईल.

उलट चूक, म्हणजे खरा होकार खोटा धरणं, माणसांकडून होते. 2013 मध्ये सॅन डिएगोलगतच्या कोरोनाडोजवळ सरावात टेन नावाच्या डॉल्फिनने अपेक्षा नसलेल्या जागी होकार दिला. आठवड्याभराने स्पेट्झ या दुसऱ्या डॉल्फिननेही तिथेच दिला, तेव्हा त्याला खूण ठेवायला पाठवलं. निघाला एकोणिसाव्या शतकातला पितळी हॉवेल टॉर्पेडो. असे जेमतेम 50 बनले होते. पहिला होकार पुन्हा तपासायचा असतो, खोटा धरायचा नसतो. 2003 मध्ये इराकच्या उम्म कस्र बंदरात मदतीची जहाजं येण्याआधी मार्ग साफ करायला असे सुरुंग शोधणारे डॉल्फिन वापरले गेले.

मार्क 6, म्हणजे बंदरात घुसणाऱ्या पोहणाऱ्यांवर पहारा. व्हिएतनाममध्ये कॅम रान्ह उपसागरात 1970-71 ला आणि 1980 च्या दशकाच्या शेवटी बहारीनला यासाठी डॉल्फिन नेले होते. सी लायन घुसखोराच्या पायाला दोर बांधलेला चिमटा अडकवतो. या तुकडीबद्दल आमचं मत राखीव आहे. घुसखोर आलाच नाही तर पहारा यशस्वी झाला की नुसता निवांत गेला, हे बाहेरून ठरवता येत नाही.

उणिवा बहुतेक देखभालीतल्या आहेत. गोठवलेल्या माशातलं बी-1 जीवनसत्त्व टिकत नाही, म्हणून माशासोबत ते वेगळं द्यावंच लागतं. पाळीव डॉल्फिनांच्या मूत्रपिंडात अमोनियम युरेटचे खडे होतात. मोकळ्या समुद्रातल्यांमध्ये ही तक्रार क्वचितच दिसते, त्यामुळे नियमित सोनोग्राफी हवीच. सी लायनला सावली कमी पडली की डोळे बिघडतात. नव्या बंदरातला गढूळपणा, तापमान, प्रवाह यांची सवय होण्यासाठी दिवस राखून ठेवावे लागतात. विमानातून उतरवलं आणि लगेच शोधाला सोडलं, असं केलं तर उत्तरं डळमळतात.

2012 मध्ये जाहीर झालं होतं की 2017 पासून काही डॉल्फिनांचं काम सुमारे 12 फुटी रोबोट करतील. तो बदल ठरल्या वेळी झाला नाही. रोबोटने जागा घ्यावी असं आम्हाला मनापासून वाटतं, पण गाळातला सुरुंग त्याला तितक्याच खात्रीने सापडायला हवा.

निवृत्त प्राण्याची आयुष्यभर सोय हा सेवेचाच भाग मानायला हवा. 2019 मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याला एक बेलुगा देवमासा आला. त्याच्या पट्ट्यावर 'इक्विपमेंट सेंट पीटर्सबर्ग' असं लिहिलेलं होतं. त्याला शिकवल्याचं कोणीही कबूल केलं नाही. 2024 मध्ये मरेपर्यंत तो माणसांच्या होड्यांजवळ जात राहिला.